चौथी कड

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. नेमकी किती, ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

एका पठारावर एक गाव होतं. गावाला वारा भारी. बाराही महिने अंगावर काहीतरी ओढून बसावं लागे, म्हणून तिथल्या बायका गोधड्या शिवत. आता गोधड्या कुठल्या गावात शिवत नाहीत, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण या गावाची एक रीत होती, आणि गोष्ट त्या रीतीवरच चालते. तेव्हा ती आधी ऐकून घ्या.

घरातलं माणूस दूर जायला निघालं, की त्या वेळी घरात जी गोधडी हाती घेतलेली असेल तिच्या तीन कडा शिवून घेत आणि चौथी उघडी ठेवत. आतलं जुनेर, म्हणजे जुनं फाटकं कापड, दिसलं तर दिसू देत. माणूस परत आलं, की त्याच्याच हातानं त्या कडेवर टाके पडत. पुरुषांचीही यातून सुटका नसे, आणि त्यांचे वेडेवाकडे टाके बघून सगळं घर हसे. माणूस परत यायचंच नसलं, म्हणजे तशी बातमी आली किंवा घरानं त्याचं नाव टाकलं, तर घरातलंच कोणी मुकाट्यानं ती कड शिवून टाकी. 'त्यांनी कड शिवली' एवढं कानावर आलं, की गावात कोणी पुढे काही विचारत नसे.

या गावात आवडाई नावाची बाई राहत होती. नवरा लवकर गेलेला. घरात ती आणि तिची मुलगी जिऊ, दोघीच. आवडाईचा टाका गावात नावाजलेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, सगळे एकसारखे. पण रंगाची, आकाराची हौस तिला नव्हती. चौकोनाला चौकोन जोडायचा आणि पुढे जायचं, एवढंच तिला येई.

जिऊ लहान असताना तिचे डोळे आले. उजेड सोसेना, म्हणून आवडाईनं तिला कोठीच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराच्या फळीतली एक गाठ निखळून पडली होती. बोरभर भोक. त्यातून ऊन आत येई आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडे. डोळे बरे व्हायला लागले तेव्हा जिऊनं ते नीट पाहिलं, आणि तिथूनच हाक मारली, "आये, तू भिंतीवर चालतीयास. डोकं खाली करून."

आवडाईला वाटलं, पोरीला ताप चढला. पण दार लोटून ती स्वतः आत बसली आणि जिऊ बाहेर गेली, तेव्हा तिलाही दिसलं. सगळं अंगण भिंतीवर उतरलं होतं. कडुनिंब उलटा, विहीर उलटी, आणि उलटी जिऊ हात हलवत होती.

मग जिऊला नादच लागला. ती भिंतीवर जुनं धोतर ताणून बांधी आणि जे चित्र पडेल त्यावरून कोळसा फिरवी. धोतर फिरवून धरलं, की झाड उभं राही. मात्र डावीकडची विहीर उजवीकडे जाई. मग तिला सुचलं, की कापड पाठीमागून बघावं. कापड विरलेलं, कोळसा पलीकडे दिसे, आणि विहीर बरोबर आपल्या जागी येई. त्या रेघांवर आवडाई लुगड्यांचे तुकडे लावी आणि टाके घाली. एकीनं चित्र धरायचं, दुसरीनं शिवायचं. अशा गोधड्या त्या पठारावर कोणी पाहिल्या नव्हत्या. लोक पांघरायला मागत आणि नेल्यावर भिंतीला लावत. आवडाईला ते काही पटत नसे. "थंडीनं मराल," ती म्हणे.

शेवटची गोधडी त्यांनी हाती घेतली, तिच्यावर आवडाईचंच चित्र होतं. जिऊ कोठीत बसली आणि आवडाईला तिनं अंगणात उभं केलं. "हलू नको," ती आतून ओरडे. आवडाई उन्हात डोळ्यांवर हात धरून, दाराकडे बघत उभी राही आणि कुरकुर करी. "भात लागंल की गं. किती येळ?" "लागू दे," आतून उत्तर येई. भात लागला. चित्र मात्र असं उतरलं, की आवडाई भात विसरून ते बघत राहिली. आपण एखाद्याकडे असं बघतो, हे तिला माहीत नव्हतं.

त्या गोधडीचं काम चालू असतानाच गावात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आला. खेळवाला तरुण होता, हसरा होता, आणि त्याला गाव नव्हतं. आज या राज्यात, उद्या त्या. जिऊ त्याच्याशी लग्न करायचं म्हणाली.

पुढचं भांडण मी सगळं सांगत नाही. तुमच्याही घरात अशी भांडणं झाली असतील. शेवटी आवडाई म्हणाली, "उंबरा वलांडलास तर कड शिवून टाकीन मी."

"शीव," जिऊ म्हणाली. "म्हंजी मला कळंल."

आणि ती गेली.

आवडाईनं कड शिवली नाही. रागाच्या भरात सुईत दोरा ओवला होता, तो तसाच राहिला. तीन कडा तिनं नीट पुऱ्या केल्या, अंगणातली स्वतःची आकृती पुरी केली, आणि चौथी कड उघडी ठेवून गोधडी दांडीवर टाकली. ऋतू आले नि गेले. दुपारच्या वेळी ती कोठीत जाऊन दार लावून बसे. भिंतीवर कडुनिंब पडे, विहीर पडे. अंगणात कोणी उभं नसे. रिकामं अंगण उलटं काय नि सुलटं काय, ती बघत बसे. मुलीची आठवण येते, असं ती कोणाला म्हणाली नाही. पण तिला दुसरं काही आठवतच नव्हतं. पाणी शेंदताना जिऊ, पीठ मळताना जिऊ.

अशात एक वाटसरू सांगून गेला, की राजधानीत राणीनं मोठं चित्रदालन बांधलं आहे. दरसाल सुगी झाली, की उत्तमातली उत्तम कारागिरी तिथं मांडतात आणि दारं सगळ्यांना मोकळी करतात. त्याच वेळी राजधानीत उत्सव असतो. सोंगाडे, डोंबारी, खेळवाले, झाडून सगळे तिथं येतात.

खेळवाले हा शब्द आवडाईनं दोनदा वदवून घेतला.

मग तिनं गोधडी दांडीवरून काढली, झटकली, घडी करून डोक्यावर घेतली. शेजारच्या म्हाताऱ्या ठकूबाईला म्हणाली, "घराकडं ध्यान असू द्या. जिऊ आली तर म्हनावं, आये तुलाच शोधाया गेलीया." तिचा बेत सरळ होता. गोधडी दालनात लागेल. जिऊ उत्सवाला येईल, दालन बघायला येईल. चित्र तिनंच काढलेलं, ते तिला लांबूनच ओळखू येईल. आणि जवळ आली, की उघडी कड दिसेल. मग तिला काही सांगावं लागणार नाही.

दालनाचे कारभारी भले माणूस होते. त्यांना वाईट ठरवून गोष्ट सोपी करता आली असती, पण ते तसे नव्हते. गोधडी उलगडल्यावर ते तिच्याभोवती दोनदा फिरले. मग म्हणाले, "बाई, अशी वस्तू या दालनात आजवर आली नाही."

आवडाईला हे वाक्य आवडलं. आवडणारच. आयुष्यभर तिच्या कामाला लोकांनी 'ऊबदार आहे' एवढंच म्हटलं होतं.

"तेवढी ही कड शिवून द्या," कारभारी म्हणाले.

"ती तशीच असती, मालक."

"आतलं जुनेर दिसतं आहे. देशोदेशीचे पाहुणे येणार. राणीसाहेबांनी त्यांच्यापुढे अर्धवट काम कसं मांडायचं?"

"माझी लेक यायची हाय. तिनं शिवायची असती ती."

कारभाऱ्यांनी ते ऐकून घेतलं. रीत त्यांना ठाऊक नव्हती आणि आवडाईलाही ती सांगता येईना. जी गोष्ट सगळ्या गावाला न सांगता कळते ती सांगायची सवय कोणाला असते? तेव्हा कारभारी अगदी समजुतीनं म्हणाले, "मग आता शिवा. लेक आली की उसवा. टाके तर आहेत. त्यात काय बिघडतं?"

नाही शिवली तर गोधडी मांडता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. नियमच तसा होता.

आवडाई धर्मशाळेत येऊन बसली. गोधडी मांडीवर, आणि मनात दोन बाया भांडताहेत. एक म्हणे, कड शिवलीस तर सगळंच गेलं. दुसरी म्हणे, मांडलीच नाही तर पोरीला दिसणार कशी? शिवाय तू तिथंच उभी असणार आहेस. ती आली, की तोंडानं सांग. दुसरीचं बोलणं चोख होतं. पण ती आणखी एक गोष्ट हळूच म्हणत होती, ती अशी, की अशी वस्तू या दालनात आजवर आली नाही. आवडाईनं सुई काढली.

आता शिवायचीच होती, तर निदान मोठे कच्चे टाके घालावेत, ओढले की सुटतील असे. पण नाही. हात बसला तो बसला. देशोदेशीचे लोक बघणार, म्हणून आवडाईनं त्या कडेवर आयुष्यातले सगळ्यांत बारीक, सगळ्यांत सुबक टाके घातले. आणि शिवून झाल्यावर कडेवरून हात फिरवून ती स्वतःशी समाधानानं हसलीसुद्धा. तिला दोष देताना तेवढं लक्षात ठेवा, की चांगलं काम करणाऱ्याला वाईट काम करता येत नाही, मनात असलं तरी.

गोधडी मुख्य भिंतीवर लागली. लोकांची ही झुंबड उडाली. कारभाऱ्यांनी आवडाईला शेजारी उभं केलं आणि काय बोलायचं ते शिकवलं. थोडक्यात बोला, म्हणाले. मुलीचं फार सांगत बसू नका. लोक काम बघायला आले आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी कोणी विचारलं, "चित्र कोणी काढलं?" तेव्हा आवडाई म्हणाली, "माझ्या जिऊनं. कोठीत बसून." आणि मग भात लागल्याची हकिकतही सांगितली. पुढे ती म्हणायला लागली, "आमच्या घरीच काढलं." त्यापुढे कोणी विचारलं, की नुसती हसायची. लोक समजायचे की हिनंच. तिनंही ते समजू दिलं. खोटं ती एकदाही बोलली नाही, हे मात्र खरं.

तरी तिची नजर दारावर असे. बायकांचा घोळका आला, की ती टाचा उंचावून बघे. कोणाच्या चालण्यात, कोणाच्या पदर घेण्यात तिला जिऊ दिसे आणि ती दोन पावलं पुढे होई. माणूस जवळ आलं, की ते दुसरंच कोणी असे. मग ती पुन्हा शिकवलेलं बोलायला लागे.

उत्सवाचा मुख्य दिवस उजाडला. राणीनं त्या दिवशी निवडक कारागिरांना वाड्यावर जेवायला बोलावलं. आवडाई आधी नको म्हणाली. "माझी लेक आली तर?" कारभारी म्हणाले, "इतके दिवस आली नाही, ती नेमकी आजच येणार आहे का? आणि राणीसाहेबांना नाही म्हणायचं?" पंगतीत राणीनं तिला आपल्याजवळ बसवलं, स्वतः वाढलं, आणि तिच्या टाक्यांचं चारचौघांत कौतुक केलं. आवडाई लाजली. ताटातलं सगळं तिनं खाल्लं. त्या दुपारी ती सुखी होती.

परत आली तेव्हा दालनात गर्दी ओसरली होती. दाराशी पहारेकरी होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या गोधडीपाशी एक बाई लई येळ हुती."

आवडाईनं विचारलं, "कोन?"

"नाव न्हाई सांगितलं. खेळवाल्याची असंल. पाठीवर बाव्हल्यांचं गठुडं हुतं. आदी लांबूनच बघून हसाया लागली. पळतच गेली जवळ. मग खाली बसली, आन् त्या खालच्या कडंवरनं बोट फिरवलं. मला म्हनली, ही कड कोनी शिवली? म्या म्हटलं, बाईंनीच की. हितं आल्यावर शिवली, दालनात लावायची म्हनून."

"मग?"

"पुन्ना इचारलं, सोता शिवली? म्या म्हटलं, सोता. मग उठली." पहारेकरी आठवून बोलत होता. "जाताना म्हनली, त्यास्नी सांगा, टाका लई सुरेख पडलाय."

आवडाई तिथून पळत सुटली. पायात वहाणा नव्हत्या, डोक्यावर पदर नव्हता. खेळवाल्यांचा तळ नदीपलीकडच्या माळावर होता. ती पोहोचली तेव्हा माळावर विझत आलेल्या चुली होत्या आणि गाढवांच्या खुरांच्या खुणा होत्या. उत्सव संपला होता आणि खेळवाले आपापल्या वाटेनं पांगले होते. वाटा चारी दिशांना जात होत्या. आवडाई एका वाटेनं थोडी गेली, मागे आली, दुसऱ्या वाटेनं गेली. तिनं हाका मारल्या. मग ती वाटेतच बसली आणि मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच रडत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं राणीपुढे पदर पसरला आणि गोधडी परत मागितली. राणीनं सगळं ऐकलं. तीही लेकीची आई होती. तिनं गोधडी उतरवायला सांगितली. आवडाईनं दालनातच खाली बसून चौथी कड उसवली. इतके बारीक टाके होते, की सुटता सुटेनात. लोक भोवती उभे राहून बघत होते, आणि कारभाऱ्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

गोधडी डोक्यावर घेऊन ती गावी आली. अंगणातल्या दांडीवर तिनं ती वाऱ्यावर घातली, रस्त्यानं जाणाऱ्याला चौथी कड दिसेल अशी. मग ठकूबाईला हाक मारून म्हणाली, "बगा, उगडी केली पुन्ना. कुनी खेळवाले ह्या वाटंनं गेले तर जिऊच्या कानावर जाईल. व्हय न्हवं?"

ठकूबाईची नजर गेलेली होती, बोटं शाबूत होती. तिनं कडेवरून हात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. बारीक टाक्यांची बारीक भोकं कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागत होती. कापडाची धार सुईनं दमून गेली होती.

"आवडे," ती म्हणाली, "ही उगडी कड न्हवं गं. ही उसवल्याली हाय."

आवडाईलाही ते पहिल्यापासून माहीत होतं. गावातल्या कुठल्याही बाईच्या बोटांना ते कळलं असतं, आणि जिऊची बोटं त्याच गावची होती. उघड्या कडेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, शिवलेल्या कडेचाही ठाऊक होता. उसवलेल्या कडेचा अर्थ सांगणारी रीतच नव्हती.

त्यानंतर दालनातून आवडाईला पुष्कळ बोलावणी आली. ती गेली नाही. तिचं नाव मात्र मोठं झालं. दूरदूरची माणसं पठारावर येत, अंगणात उभं राहून गोधडी बघत आणि तोंड भरून वाखाणत. आलेल्या प्रत्येकाला आवडाई आधी एकच सांगे, "चित्र माझ्या जिऊनं काढलंया." मग विचारे, की वाटेत कुठं बाहुल्यांचा खेळ लागला होता का. लोक नाही म्हणत. ती त्यांना पाणी देई.

जिऊ आली नाही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या माणसासाठी काम हाती घेतलं, त्याच्यासाठी ठेवलेली जागा चार लोकांच्या कौतुकासाठी कधी शिवून टाकू नये.